खालच्याची तहान

मुलांनो, परीची गोष्ट हवी म्हणता ना? मग बसा नीट, आणि मध्येमध्ये हसू नका. या गोष्टीत पांढराशुभ्र मोगरा आहे, नाना रंगांचे गुलाब आहेत, सोनेरी पंखुल्यांची इवलीशी परीसुद्धा आहे. तरी सांगताना मला राग येतो. तो मी गिळणार नाही, आधीच सांगून ठेवते.

रुंजी नावाची एक मुलगी होती. आठ वर्षांची, काटकुळी, टपोऱ्या डोळ्यांची. तिच्या परकराला तीन रंगांची ठिगळं होती आणि पायांत काही नव्हतं. तिचे वडील ती रांगत असतानाच वारले. आई होती, भिवरा नावाची. मायलेकींकडे एक झोपडी होती आणि झोपडीसमोर मोगऱ्याचे चार वाफे. त्या मोगऱ्यावर त्यांचं पोट होतं. पहाटे इवल्या इवल्या कळ्या खुडायच्या, आईनं गजरे करायचे, आठवड्याच्या बाजारात नेऊन विकायचे. मोगरा फुलला की घरात भाकरी, नाही तर तव्याला सुट्टी.

त्यांच्या गावाचं नाव फुलवाडी. डोंगरातून एक खळाळता ओढा येई, गावकऱ्यांनी त्यावर दगडांचा बंधारा बांधला होता, आणि बंधाऱ्यातून निघालेला पाट बागांच्या कडेकडेनं खाली उतरे. सगळ्यात वर दौलतआबांचे गुलाब होते, लाल, शेंदरी, पिवळे, आणि एक तर सायीच्या रंगाचा. त्याखाली कुणाचा निशिगंध, कुणाची केशरी अबोली, कुणाचा तांबडा-पिवळा गलांडा. मग सारजाकाकूंचा झेंडू, हळदीसारखा पिवळाधमक. आणि सगळ्यात खाली, पाट संपतो तिथं, रुंजीचा मोगरा. वरून पाहिलं तर डोंगरानं रंगीत दुपटं पांघरल्यासारखं दिसे.

या पाटाची एक जुनी रीत होती, ती नीट समजून घ्या. पाटाच्या काठाला प्रत्येक बागेपाशी एक दार असे. दार म्हणजे लाकडाचं नव्हे, मातीनं बुजवलेली जागा. माती काढली की पाणी बागेत शिरतं, माती लावली की थांबतं. फुलवाडीची रीत अशी होती की आपलं दार आपण उघडायचं नाही. उन्हाळ्यात पाणी सोडायच्या दिवशी सगळ्यात वरच्या बागेच्या मालकानं पाटाच्या काठानं चालत थेट खाली यायचं आणि शेवटच्या बागेचं दार स्वतःच्या हातानं उघडायचं. शेवटची बाग भिजली की त्या घरातल्यानं वरच्या शेजाऱ्याचं दार उघडायचं, त्यानं त्याच्या वरच्याचं. असं करत करत पाणी सगळ्यात शेवटी वरच्या मालकाला मिळे. त्याला ते कधी कमी पडलं नाही, कारण बंधारा त्याच्या उशाशीच होता. प्रत्येकाचं पाणी दुसऱ्याच्या हातात, म्हणून कुणी कुणाशी फार वाकडं वागत नसे.

मग तो उन्हाळा आला. पाणी सोडण्याआधी सगळं गाव बंधाऱ्याचा गाळ काढायला जमलं होतं. दौलतआबांनी घमेलं खाली ठेवलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाग माझी, दार माझं. मी का दर पाळीला त्या टोकापर्यंत पाय तुडवत जायचं? यापुढं माझं दार मी उघडणार, मला वाटेल तेव्हा. तुम्हीही आपापलं उघडा. मी कुणाला अडवणार नाही, मला कुणी अडवायचं नाही. ज्याचा तो मोकळा."

ऐकायला किती गोड वाटतं, नाही? गावालाही वाटलं. निशिगंधवाल्यानं मनात म्हटलं, बरं झालं, आता खालच्याची वाट बघायला नको. अबोलीवाल्यानं तेच म्हटलं. सारजाकाकू तशा मायाळू, रुंजीला सणासुदीला पुरणपोळी देणाऱ्या, पण त्यांनीही मान डोलावली. कारण प्रत्येकाच्या खाली कुणी ना कुणी होतं. नव्हतं ते फक्त भिवराच्या खाली.

भिवरानं पदर सावरला आणि विचारलं, "आबा, वरून सगळ्यांनी घेतलं तर खाली काय येणार?"

"अगं भिवरे," आबा म्हणाले, "तुझंही दार तू उघड की. तुला कोण अडवतंय?"

लोक हसले. भिवराला आता कोरड्या पाटाचं दार हवं तेव्हा उघडता येणार होतं, आणि त्या शहाण्यांना त्यात गंमत वाटली. हे सांगताना माझे कान अजून तापतात.

पुढं काय झालं ते तुम्हीच ओळखा. आबांनी गुलाबांना भिजवलं, मग अंगण भिजवलं, मग गुलाबांमधल्या पाऊलवाटासुद्धा भिजवल्या, चालताना पायांना गार वाटावं म्हणून. त्यांच्या खालच्यांनी उरलेलं ओढून घेतलं. सारजाकाकूंच्या झेंडूपर्यंत करंगळीएवढी धार यायची, ती काकू घ्यायच्या. "वरचे सगळे घेतात, मी एकटीनं सोडून काय होणार, बाळा?" असं त्या रुंजीला म्हणाल्या आणि तिच्याकडे न बघता आत गेल्या. मोगऱ्याची पानं आधी मलूल झाली, मग कडेनं करपली. कळ्या दाण्याएवढ्या असतानाच गळू लागल्या.

रुंजीनं कळशी घेतली आणि बंधाऱ्यावरून पाणी आणायला निघाली. वाट आबांच्या बागेतून होती. तिथं त्यांचा राखणदार बसलेला असे. रुंजी कळशी भरून परतली तेव्हा त्यानं तिचं कोपर धरलं, कळशी तिथंच पालथी केली आणि ही आमची वाट आहे म्हणून तिला हाकलून दिलं. सांडलेलं पाणी गुलाबांच्या मुळांशी गेलं.

त्या संध्याकाळी आईनं गाठोडं बांधायला घेतलं. दोन लुगडी, एक तवा, एक तांब्या. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वीटभट्टीचा ट्रॅक्टर माणसं न्यायला येणार होता. मोगरा गेला तर आई त्यात बसून भट्टीवर जाणार, आणि रुंजी राहणार दूरच्या मावशीकडे. भट्टीवर एवढ्या लहान मुलीला कुठं ठेवायचं, म्हणून. रुंजीनं ऐकून घेतलं. रडलीसुद्धा नाही, तिला इतका राग आला होता.

मोगऱ्याच्या वाफ्यांपलीकडे, उताराला, उंबराचं एक झाड होतं आणि झाडाखाली एक खोलगट खळगा. चांगल्या दिवसांत मोगऱ्याचं पाझरलेलं पाणी तिथं साठे. निळे चतुर उडत, फुलपाखरं उतरत, चिमण्या अंघोळी करत. आता तो भेगाळला होता. पण रुंजीची एक सवय होती. दुपारी स्वतः पाणी प्यायली की तांब्याच्या तळाशी थोडं ठेवायची आणि खळग्यात ओतायची, चिमण्यांसाठी. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रागानं कान लाल झालेले असतानाही, तिनं तांब्या तसाच नेऊन ओतला.

पाणी भेगेत उतरलं आणि भेगेतून प्रकाश वर आला. आधी हिरवा, मग सोनेरी, मग कोवळ्या उन्हाच्या रंगाचा. चुरगळलेल्या पंखुल्या झटकत एक परी बाहेर आली. मोगऱ्याच्या कळीएवढी चिमुकली. अंगावर दवाच्या थेंबांचा झगा, त्यातले निम्मे थेंब वाळलेले. नाकाचा शेंडा लाल. आणि तुम्हाला वाटतं तशी ती गोड गोड हसत वगैरे नव्हती. परी संतापलेली होती.

ती म्हणाली, "मी ओलीची परी. जिथं पाणी झिरपतं तिथं माझं घर. उन्हाळाभर मी तुझ्या तांब्यातल्या थेंबांवर जगले आहे, रुंजी. तुला दोन इच्छा देते. पूर्वी तीन असायच्या, एक या उन्हानं वाळून गेली."

मग तिनं इच्छांचे नियम सांगितले. कुणाचं वाईट मागायचं नाही. एकदा दिलेलं परत घेता येणार नाही. आणि सगळ्यात मोठा नियम हा की रुंजी स्वतःसाठी जे मागेल, ते या पाटाचं पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला त्याच क्षणी मिळेल, तिच्याएवढंच, रतीभरही कमी नाही.

रुंजीला पहिला नियम ऐकूनच वाईट वाटलं. आबांचे गुलाब करपू देत, असं मागायचं तिनं ठरवून टाकलं होतं. परी म्हणाली की तिलाही ते आवडलं असतं, पण नियम म्हणजे नियम. रुंजीनं मूठ आवळली. तिला कोपरावरची ती पकड आठवली, पालथी केलेली कळशी आठवली. पुढचा-मागचा विचार न करता ती म्हणाली, "मग मला असं दे की मला कुणीच अडवू शकणार नाही."

परीनं तिच्याकडे क्षणभर बघितलं. मग पंखुल्या फडफडवल्या, रुपेरी धूळ उडाली आणि इच्छा पुरी झाली.

रुंजी धावत सुटली ती थेट आबांच्या बागेत. राखणदारानं तिला धरायला हात टाकला, तो तिच्या खांद्यावरून लोणी लावल्यासारखा निसटला. त्यानं वाट अडवली, तर त्याचेच पाय बाजूला सरकले. रुंजीनं गुलाबांचं दार मातीनं बुजवलं, पाणी वळवायला पाटात टाकलेले दगड काढले, आणि पाणी खळाळत खाली निघालं. ते उन्हात चमचम चमचम करत होतं. रुंजी त्याच्या बरोबरीनं काठानं पळत होती आणि मोठमोठ्यानं हसत होती.

पण आता कुणालाच कुणी अडवू शकत नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. निशिगंधवाल्यानं पाणी येताना बघितलं आणि पाटाला कुदळ घातली. तिनं त्याचा हात धरला, तिचा हात निसटला. अबोलीवाल्यानं दोन ठिकाणी पाट फोडला. गलांडेवाल्याच्या सुनेनं आपल्या दारात खड्डाच खणला. शेजाऱ्यांना वाटलं, आपणही घ्यावं, अडवतंय कोण. बघता बघता पाटाची चाळण झाली. पाणी बागांत कमी आणि रस्त्यावर जास्त वाहू लागलं.

आणि पाटाचं पाणी काय फक्त माणसंच पितात? शेळ्या आबांच्या बागेत शिरल्या. त्यांनी सायीच्या रंगाचा गुलाब आधी खाल्ला, मग शेंदरी, मग लाल. आबा काठी घेऊन ओरडत होते आणि काठी शेळ्यांना लागतच नव्हती. हे पाहायला मी तिथं असते तर मला बरं वाटलं असतं. पण सारजाकाकूंचं वासरूही सुटलं, आणि ते आलं रुंजीच्या मोगऱ्यात. तोंडात हिरवा तोबरा भरून ते एकेक झुडूप ओरबाडू लागलं. रुंजीनं त्याची शिंगुली धरली, शेपटी ओढली, गळ्यात हात घातले. हात निसटत राहिले. भिवरा पदरानं हाकलत होती, तर पदरही निसटला. वासराचं पोट भरलं तेव्हा निम्मा मोगरा संपला होता.

उन्हं कलली तेव्हा पाटात चिखल होता आणि शेवटच्या वाफ्यात धूळ. मोगऱ्याच्या दाराशी मातीचं ढेकूळसुद्धा नव्हतं, कुणी अडवत नव्हतं, आणि पाणी नव्हतं.

गावात रात्रभर भांडणं झाली. कुणी कुणाला आवरू शकत नव्हतं, म्हणून ती लांबत गेली. दुसरा दिवसही तसाच गेला, बाजाराचा दिवस, आणि भिवराकडे न्यायला एकही गजरा नव्हता. ती गाठोड्याशेजारी बसून राहिली. दुपार टळल्यावर रुंजी उंबराखाली गेली. रागाच्या भरात कालपासून ती खळग्याकडे फिरकली नव्हती. परी भेगेच्या काठाला पडली होती. तिचा झगा विरला होता, एकच थेंब उरला होता.

"तू मला थांबवायला हवं होतंस," रुंजी चिडून म्हणाली.

"कशी थांबवणार? तुला कुणी अडवू नये, हेच तर मागितलंस," परी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण राग तेवढाच होता. "सगळे आपापल्या वर कोण आहे ते बघतात आणि बोटं मोडतात. तूही तेच केलंस. कालपासून तुझ्या खाली कोण आहे ते तुला आठवलंही नाही."

रुंजीला लागलं ते. तिनं मान खाली घातली, मग लगेच वर केली, कारण राग गेला नव्हता. तिनं विचारलं की हे परत घेता येईल का. परी म्हणाली, नाही. आता फुलवाडीत कुणी कुणाला कधीच अडवू शकणार नाही, बळानं नाही की भीतीनं नाही. राजा आला तरी नाही. थांबायचं तर ज्याचं त्यानंच थांबायचं.

रुंजी उंबराला टेकून बसली. वरून चिमण्या चिवचिवत होत्या, चोची उघड्या होत्या. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. आबांना गुलाबांची तहान कळते, कारण गुलाब त्यांचे. मोगऱ्याची तहान त्यांना कुठून कळणार? त्यांच्या घशाला थोडीच कोरड पडते?

ती उठली.

"दुसरी इच्छा मागते," ती म्हणाली. "माझ्या खाली जो आहे, त्याची तहान मला लागू दे."

"स्वतःसाठी तहान मागतेस? ती आधी तुला लागेल. आणि परत घेता येणार नाही. विचार केलास?"

"केला. या वेळी केला."

तेव्हा परी पहिल्यांदा हसली. तिनं उरलेला एकुलता एक थेंब ओंजळीत घेतला आणि हवेत उधळला. सात रंगांचा एक लहानसा झोत पाटाच्या काठानं वर वर चढत गेला, झेंडूवरून, गलांड्यावरून, अबोलीवरून, निशिगंधावरून, थेट आबांच्या उरल्यासुरल्या गुलाबांपर्यंत. परीनं डोळे मिटले.

रुंजीच्या घशाला त्याच क्षणी कोरड पडली. खळग्याची, चिमण्यांची, परीची तहान होती ती. तिनं घरातलं पाणी प्यायलं, कोरड गेली नाही. सारजाकाकूंना मोगऱ्याची तहान लागली, आणि मोगऱ्यावाल्यांना लागलेली खळग्याचीही. त्यांच्या वर गलांडेवाल्यांना झेंडू, मोगरा आणि खळगा या तिन्हींची. अशी एकावर एक चढत तहान आबांच्या घरी पोचली तेव्हा ती साऱ्या गावाची झाली होती.

आबा तांब्याभर प्यायले. कळशीभर प्यायले. मग रांजणात तोंड घातलं. बंधाऱ्यावर जाऊन पालथे पडून प्यायले. पोट तुंबलं आणि जीभ टाळूला चिकटलेलीच राहिली. त्यांनी वैद्याला बोलावलं, त्याचीही जीभ चिकटलेली. कुणीतरी आपल्यावर काही केलंय असं ते खरडत्या आवाजात ओरडत राहिले. रात्र त्यांनी तशीच काढली, पण दाराला हात लावला नाही. एवढा हट्टी माणूस.

खाली मात्र पहाटेपासून हालचाल सुरू झाली. सारजाकाकू घमेलं घेऊन बाहेर आल्या आणि आपण फोडलेला काठ माती-गवतानं लिंपू लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. लिंपून झालं तसा घसा जरा सैल पडला. मग गलांडेवाल्याच्या सुनेनं आपला खड्डा बुजवला. अबोलीवाल्यानं दोन्ही भगदाडं बंद केली. ज्यानं जे फोडलं होतं ते तो बुजवत गेला. सगळे चिखलानं माखले होते आणि कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. पाट नीट झाला. आता फक्त सगळ्यात वरचं दार उघडं होतं.

सगळं गाव त्या दारापाशी येऊन उभं राहिलं. आबांना कुणी अडवू शकत नव्हतं, म्हणून कुणी प्रयत्नही केला नाही. लोक नुसते उभे होते, कोरड्या तोंडांनी. आबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग खाली, पार टोकाच्या मोगऱ्याकडे. मग त्यांनी धोतर खोचलं, खाली वाकले आणि स्वतःच्या हातांनी स्वतःचं दार बुजवलं.

पाणी निघालं. कुणी आपल्या दाराला हात लावला नाही. आबा काठानं पाण्याच्या बरोबर चालत होते, आणि एकेक बाग मागं पडत होती. शेवटच्या दारापाशी पाणी पोचलं तेव्हा रुंजी आणि भिवरा तिथं उभ्या होत्या. सकाळीच त्यांनी दार मातीनं बुजवून ठेवलं होतं, जुन्या रीतीप्रमाणं. आबा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी माती काढली. पाणी मोगऱ्याच्या वाफ्यात शिरलं.

"निम्मा मोगरा गेला, आबा," भिवरा म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही.

तहानलेली माती बुडबुडे काढत पाणी पिऊ लागली. पहिला वाफा भिजला, दुसरा अर्धा झाला. लांबून ट्रॅक्टरची धडधड ऐकू येत होती. आणि रुंजीच्या घशात आग पेटली होती. खळग्यापर्यंत पाणी न्यायचं तर वाफ्यांचा शेवटचा मातीचा वरंबा फोडावा लागणार होता, म्हणजे मोगऱ्याच्या तोंडचं काढून द्यायचं. रुंजी तिथंच उभी राहिली. आम्ही उन्हाळाभर कोरडे राहिलो, तेव्हा कोण आलं? आता कुठं आमची पाळी आली, आणि लगेच आम्हीच द्यायचं? तिचं काय चुकलं सांगा. तहान सोसता आली असती तिला, आबांनी रात्रभर सोसली होती. हक्काचं पाणी होतं ते आणि कुणी तिला विचारलंही नसतं.

तिनं दात आवळले, खाली बसली आणि दोन्ही हातांनी वरंबा फोडला. रागारागानंच फोडला.

पाणी उंबराच्या मुळांशी गेलं, खळग्यात उतरलं, भेगा मिटल्या. चिमण्यांची झुंबड उडाली. भेगेच्या काठाला पडलेल्या परीच्या पंखुल्यांना पाणी लागलं आणि त्या थरथरल्या. मग एकेक थेंब तिच्या अंगावर चढत गेला, निळा, जांभळा, पाचूसारखा हिरवा, आणि नव्याकोऱ्या लखलखत्या झग्यात ती हवेत उभी राहिली. सगळं गाव आ वासून बघत होतं.

आबा हात जोडून पुढं झाले. गावाच्या वतीनं म्हणून त्यांनी विनंती केली की झालं ते झालं, आता ही तहान तेवढी काढून घ्यावी.

परी म्हणाली, "दिलेलं परत घेता येत नाही. तुम्ही मोकळे आहात, आबा. तुम्हाला कोण अडवतंय?"

मग ती रुंजीच्या नाकासमोर आली आणि हळूच म्हणाली, "तू मला घर परत दिलंस. पण माझा घसा बघ, कोरडाच आहे. माझ्याही खाली कुणीतरी आहे. मला निघायला हवं."

तिनं उलटी गिरकी घेतली. सोन्याचा, दुधाचा, कोवळ्या पानांचा, सगळ्या रंगांचा उजेड एकदम फुटला आणि सरसर ओल्या मातीत उतरत गेला. दिपलेले डोळे उघडले तेव्हा परी नव्हती. उजेडाचे कण मात्र वासरानं ओरबाडलेल्या मोगऱ्यावर राहिले होते. बोडक्या काड्यांवर कोंब आले, कोंबांवर पानं, पानांआड टपोऱ्या, गोल, पांढऱ्याशुभ्र कळ्या. एकेका काडीवर पूर्वीच्या दुप्पट. वास तर इतका सुटला की ट्रॅक्टरवाल्यानं गाडी थांबवून नाक वर केलं. त्यानं दोनदा भोंगा वाजवला. भिवरानं गाठोडं सोडलं, तवा काढून चुलीवर ठेवला आणि दारातूनच त्याला हात हलवून जा म्हणून सांगितलं. तो गेला.

त्या उन्हाळ्यात मोगरा पाऊस येईपर्यंत फुलत राहिला, आणि पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात फुलला. रुंजी आईजवळच वाढली. आबा चांगले झाले का, असं विचाराल. मला माहीत नाही, आणि मला त्याच्याशी घेणंदेणंही नाही. माझी बाग, माझी मर्जी, असं ते शेवटपर्यंत पुटपुटत असायचे. पण पाळीच्या दिवशी पुटपुटतच काठी टेकत खाली यायचे आणि मोगऱ्याचं दार उघडायचे. फुलवाडीत आजही कुणी कुणाला अडवू शकत नाही. पाणी तरीही शेवटच्या वाफ्यापर्यंत येतं.

तर आता झोपा. आणि कधी तुमच्या घशाला अशी कोरड पडली की पाणी पिऊन पिऊन जात नाही, तर माझ्याकडे औषध मागायला येऊ नका. उठा, चपला घाला, आणि तुमच्या खाली कोण आहे ते बघून या.